सिकलसेलचं कार्ड, सोयरीक आन नोकरी: कायदा आपल्या बाजूनं हाय काय?

बांधीवरचा | ११ जुलै, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. रोवणा सुरू हाय, दिवसभर चिखलात राहतो म्हणून रात्री लिहून राह्यलो, चुकलं तं सांभाळून घ्या. मी ब्रह्मपुरीकडचा. उन्हाळ्यात आमच्या गावात सिकलसेल, म्हणजे मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याच्या तपासणीचं शिबिर झालं, समाजमंदिरात. बोटाले टोचून थेंबभर रक्त घेतलं, मंग ज्यायचं पॉझिटिव्ह आलं त्यायचं नसेतलं रक्त पुढं पाठवलं. माही लहान बहीण एएस निघाली, म्हणजे वाहक. तिले काईच होत नाई. दिवसभर वाकून रोवणा करते, सांजेले मलेच गाडीवर मागं बसवून तालुक्याले नेते.

गोष्ट तिथंच संपाची होती, पण पंधरा दिवसांनी सगळ्या शिबिराची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. नाव, वय, बापाचं नाव, पुढं रिपोर्ट. ज्यायच्या पुढं एएस नाईतं एसएस होतं त्यायच्या खाली कोणीतरी लाल पेनानं रेघ मारली. बहिणीची सोयरीक ठरल्यासारखीच होती, पाव्हणे दोनदा येऊन गेलते, साडीचोळीचं बोलणं झालतं. यादी लागली आन चार दिवसांत मध्यस्थाचा फोन आला का "पोरीत खोट हाय म्हणतेत, ते लोक थांबतो म्हणतेत."

त्यात धाकट्या भावाची एका कंपनीत निवड झाली (नाव नाई लिहत). मेडिकलच्या फॉर्मात एक रकाना हाय, "कुटुंबात वंशपरंपरागत आजार आहे काय? असल्यास कोणास?" तो मले विचारते, दादा काय लिहू. आन विम्याचा एजंट म्हणते, घरात सिकलसेल हाय तं पॉलिसीचं कठीण हाय.

चुलतभाऊ म्हणते अमेरिकेत जीन्स पाहून भेदभाव केला तं कायदा हाय. आपल्याकडं हाय काय तसा? कोणाले माहीत असन तं सांगा.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री १०:०५

जीन्स पाहून भेदभाव आमच्या अकोल्यात बी होते भाऊ. पोट्टा फाटकी जीन्स घालून पोरगी पाहाले गेलता, सासरा म्हणे याले आधी पँट घेऊन द्या मंग पोरगी मांगा.

मजाक सोडा. भिंतीवर यादी लावणारा कोण बह्याड होता त्याचं नाव काढा पयले.

मास्तर_निवृत्त | रात्री १०:३१

बांधीवरचा, मी ३४ वर्षे विज्ञान शिकवलं, तेव्हा कायद्याचं नंतर कोणी सांगेल, आधी 'खोट' या शब्दाचं बघू.

प्रत्येकाला त्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून एक बापाकडून. दोन्ही चांगल्या तर एए. एक चांगली एक सिकलची तर एएस. दोन्ही सिकलच्या तर एसएस, तो खरा रुग्ण. तुमच्या बहिणीचं लग्न एए मुलाशी झालं तर त्यांचं एकही मूल एसएस होऊ शकत नाही. प्रत्येक बाळंतपणात अर्धी शक्यता एए, अर्धी एएस, बस. अडचण फक्त दोघंही एएस असतील तेव्हा, मग प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता २५ टक्के. आणि हे 'प्रत्येक' नीट ऐका, कारण लोक समजतात चारातलं एक गेलं की बाकीचे तीन सुटले. तसं नसतं, दरवेळी फासे नव्यानं पडतात.

म्हणून माझा एकच प्रश्न. मुलाची तपासणी झाली काय?

बांधीवरचा | रात्री १०:४४

नाई ना सर. तेच तं. मी मध्यस्थाले म्हणलं तं तो म्हणते "पोराले कायले टोचाचं, खोट तं पोरीत निघाली."

पिंपळपान | रात्री ११:२०

मी वर्धा जिल्ह्यातली, एसएस आहे, वय ३१. हे वाचून झोप उडाली म्हणून लिहिते.

माझ्या वेळी यादीबिदी नव्हती, पण शाळेत सगळ्यांना माहीत होतं, कारण दर हिवाळ्यात मी आठ-दहा दिवस गायब असायची. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की हाडात कोणी पाना घालून पिळल्यासारखं होतं. आई रात्रभर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकायची. आता गोळी रोज चालू आहे, हायड्रॉक्सियुरियाची, पाणी भरपूर पिते, थंडीत गुडघ्यापर्यंत मोजे, बरंच आटोक्यात आहे. नोकरी करते.

कायद्याचं विचारलंत तर माझ्यासारख्यांना एक आधार आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, त्यात २१ प्रकारांच्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा वर निघालं तर कॉलेज प्रवेशात ५ टक्क्यांच्या राखीव जागांत धरतात. एसटीचा पासही मिळतो. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत, हे मला फॉर्म भरून, दोन वर्षं वाट बघून कळलं.

आणि तुमची बहीण एएस आहे म्हणजे ती यातही बसत नाही. ती आजारी नाहीच तर दिव्यांग कशी असेल. पण सोयरीक मात्र तिची मोडते. गंमत बघा, मला आजार आहे म्हणून कायदा आहे, तिला आजार नाही म्हणून काहीच नाही.

सावजी_रस्सा | रात्री ११:४१

ताई, शेवटचा पॅरा दोनदा वाचला.

आशा_ताई | १२ जुलै, सकाळी ६:१५

मी गोंदिया जिल्ह्यात आशा आहे. सकाळी गृहभेटीला निघायच्या आधी लिहिते. यादी भिंतीवर लावायची असते असं आमच्या कोणत्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही. आम्हाला उलट सांगतात की रिपोर्ट घरी जाऊन, त्या माणसाच्या हातात द्यायचा, नवराबायको असतील तर दोघांना बसवून समजवायचं. पण खरं सांगते, शिबिराच्या दिवशी दोनशे माणूस लाईनीत, टेबल एक, रजिस्टर उघडं, मागचा माणूस पुढच्याचं वाचतोच. आणि गावात एकाला कळलं म्हणजे विहिरीवर कळलं.

आमच्यावरही टार्गेट असतं. मध्य प्रदेशात शहडोलला १ जुलै २०२३ ला प्रधानमंत्र्यांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं तेव्हापासून शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे देशात. आकडा वरून विचारतात. किती जणांना नीट समजावलं हे कोणी विचारत नाही.

स्पष्टवक्ता | सकाळी ९:०२

सगळ्यांची सहानुभूती समजली, पण मी जरा वेगळं बोलतो. सरकार स्वतःच म्हणतं की लग्नाआधी सिकलसेल तपासणीचं कार्ड पहा, मग मुलाकडच्यांनी पाहिलं तर तो भेदभाव कसा? माझ्या सख्ख्या आत्याची दोन मुलं सिकलसेलनं गेली, एक अकराव्या वर्षी आणि एक एकोणिसाव्या. त्या घरात विचारा 'खाजगी माहिती' म्हणजे काय. माहिती लपवण्याचा हक्क मागण्यापेक्षा सगळ्यांनी उघड सांगावी या मताचा मी आहे.

सावजी_रस्सा | सकाळी ९:३०

उघड सांगावी ना, पण आधी पोरानं सांगावी. भिंतीवर लाल रेघ मारणं म्हणजे उघड सांगणं नव्हे.

वकील_नागपूर | सकाळी ११:४७

धागा आत्ता पाहिला. कोर्टात दोन केसच्या मध्ये बसून टाइप करतोय त्यामुळे विस्कळीत होईल.

थेट उत्तर: नाही. जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असं सांगणारा वेगळा कायदा भारतात नाही. घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, जनुक नाही. (तिथला 'वंश' म्हणजे वंशपरंपरागत आजार नव्हे, हे एकदा एका पक्षकाराला अर्धा तास समजावलं होतं.) शिवाय मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, पाव्हण्यांविरुद्ध नाही.

आता विमा. इथे परिस्थिती बरी आहे. दिल्ली हायकोर्टाचा २६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, जयप्रकाश तायल यांचा. त्यांना हृदयाच्या स्नायूचा आजार होता, वर्षानुवर्षं पॉलिसी चालू, आणि क्लेम नाकारला 'जनुकीय विकार वगळले आहेत' या एका ओळीवर. न्या. प्रतिभा सिंह यांनी म्हटलं की इतकी मोघम अट घटनेच्या कलम १४ च्या, म्हणजे समानतेच्या हक्काच्या, विरुद्ध आहे, कारण जनुकाचा संबंध मधुमेहापासून हृदयरोगापर्यंत कशाकशाशी जोडता येतो, मग विमा उरतो कशाला. त्यानंतर विमा नियामकानं मार्च २०१८ मध्ये कंपन्यांना परिपत्रक काढलं, आणि २०१९ मध्ये आरोग्य विम्यात काय वगळता येणार नाही त्याची यादी दिली, त्यात जनुकीय आजार आहेत. म्हणजे पॉलिसी दिल्यावर 'हे जनुकीय आहे म्हणून पैसे देणार नाही' असं सरसकट म्हणता येत नाही. आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षा कालावधी लावता येतो, तो २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी ४ होता.

पण पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनी ठरवते. नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं. त्यामुळे एजंटच्या तोंडी 'कठीण आहे' वर जाऊ नका, अर्ज भरा आणि नकार कागदावर मागा. कागद हातात आला की तक्रार करता येते, आधी कंपनीकडे, तिथं महिनाभरात काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे, त्याला फी नाही. बाकी संध्याकाळी.

संत्र्यावाला | दुपारी १:१०

वकीलसाहेब बरोबर. मी वरूडचा, बाग सांभाळून विम्याचं पण काम करतो, म्हणून आमच्या जमातीचं पाप सांगतो. एजंट "कठीण हाय" म्हणते कारण त्याला मेडिकल, पत्रव्यवहार, फॉलोअप नको असते. दुसरा एजंट याच्याही वर, तो म्हणते "लिहूच नका, कोणाले कळते." हे सगळ्यात घातक. कारण लपवलं आणि क्लेमच्या वेळी निघालं तर कंपनीला आयतं कारण. जीवन विम्यात ३ वर्षांनंतर कोणत्याच कारणावरून पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५, पण ती ३ वर्षं काय देवावर सोडता?

जे विचारलं ते खरं लिहा, जे विचारलं नाही ते पुराणासारखं सांगत बसू नका.

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी १:१८

विमा एजंटानं खरं लिहा म्हणणं हीच आजची ब्रेकिंग न्यूज.

परदेशी_पाखरू | दुपारी ४:३५

मूळची परतवाड्याची, आता न्यूजर्सीत. इथे सकाळ आहे, चहा घेता घेता वाचतेय. चुलतभाऊ म्हणतात तो अमेरिकेचा कायदा म्हणजे जीना (GINA). २१ मे २००८ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. आरोग्य विमा कंपनी जनुकीय चाचणीवरून हप्ता वाढवू शकत नाही, पॉलिसी नाकारू शकत नाही, आणि नोकरीत मालक अशी माहिती मागू शकत नाही. तुमच्या भावाच्या फॉर्मातला तो रकाना इथे बेकायदा ठरला असता, कारण कुटुंबाचा वैद्यकीय इतिहाससुद्धा 'जनुकीय माहिती'त धरलाय.

पण फार हुरळू नका. जीवन विमा, अपंगत्व विमा, म्हातारपणीच्या देखभालीचा विमा यांना तो लागू नाही. १५ पेक्षा कमी कामगार असतील तर नोकरीचा भागही लागू नाही. माझ्या ऑफिसातली एक जण स्तनाच्या कर्करोगाची जनुकीय चाचणी करायला घाबरते, कारण आधी जीवन विमा घ्यायचाय.

आणि गंमत म्हणजे इथे हा सगळा विषय सुरू झाला तोच मुळात सिकलसेलवरून. सत्तरच्या दशकात काही राज्यांनी काळ्या लोकांना तपासणी सक्तीची केली, कॅरिअर, म्हणजे वाहक, आणि रुग्ण यांचा घोळ घातला, लोकांच्या नोकऱ्या आणि विमे गेले. एअर फोर्सच्या अकादमीत कॅरिअर मुलांना १९८१ पर्यंत घेत नव्हते. बर्कलेच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं कर्मचाऱ्यांना न सांगता त्यांच्या रक्ताची सिकल तपासणी केली होती, ते प्रकरण १९९८ मध्ये अपील कोर्टात गेलं आणि कोर्टानं म्हटलं की हा खाजगीपणाचा भंग आहे.

मास्तर_निवृत्त | संध्याकाळी ६:०२

पाखरूताईंनी चांगली आठवण काढली. त्यात माझी एक भर. लायनस पॉलिंग, दोन नोबेलवाला, ज्यानं १९४९ मध्ये सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे दाखवलं, त्याच माणसानं १९६८ मध्ये लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगलाच होता हो त्याचा. तुमच्या ग्रामपंचायतीत लाल पेन ज्यानं उचलला त्याचाही बहुतेक चांगलाच असेल.

दुसरं, ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस म्हणून गाव आहे, शेतकऱ्यांचं, ठरवून लग्नं करणारं, आपल्यासारखंच. तिथं जवळपास चौथा हिस्सा माणसं वाहक. डॉक्टरांनी सगळ्या गावाची तपासणी केली, समजावलं, वाटलं आता लोक बघून लग्नं करतील. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर वाहकांवर शिक्का बसलेला, लोक लपवायला लागलेले, आणि लग्नं होती तशीच.

स्पष्टवक्ता, हे तुमच्यासाठी. शिक्का मारला की लोक सांगत नाहीत, आणि सांगत नाहीत म्हणून पुन्हा तुमच्या आत्याच्या घरासारखं होतं.

स्पष्टवक्ता | संध्याकाळी ६:४८

सर, मुद्दा मान्य. यादी चुकीची, हेही मान्य. पण लग्नाच्या वेळी दोन्हीकडून तपासणी हवी यावर मी ठाम आहे. आत्याला कोणी विचारलं नव्हतं, फुफाजीलाही नाही. तेव्हा शिबिरंच नव्हती. दोघांचं एएस आहे हे मोठा गेल्यावर कळलं.

पिंपळपान | संध्याकाळी ७:१५

स्पष्टवक्ता, वाईट वाटलं. आणि दोन्हीकडून तपासणीला माझा विरोध नाहीच, मी तर मिरवणूक काढीन. माझा विरोध आहे पोरीलाच टोचण्याला.

झाडीपट्टीचा_राजा | संध्याकाळी ७:४०

आमच्याकडं एक नवीनच. कार्ड एए असलं का पोरीचा बाप बायोडाटात लिहते, "गोरी, बीए, एए." उद्या नाटकाच्या पोस्टरवर बी लिहतील, सर्व कलाकार एए.

दुसरं सांगतो. लोक म्हणतेत हा अमक्या जातीचा रोग हाय. आमच्या तालुक्यात बौद्ध, गोंड, कुणबी, तेली सगळ्यायच्यात निघाला. पण जातीचं नाव लावून दिलं का बाकीचे तपासाले येतच नाई, आन मंग त्यायच्या घरी पोरगं सहा महिन्याचं झालं का हातपाय सुजून रडते तेव्हा मांत्रिकाकडं नेतेत.

आशा_ताई | रात्री ८:५०

राजेभाऊ, हातपाय सुजलेलं बाळ मी पाहिलंय. बोटं कच्च्या भेंडीसारखी टम्म. घरचे म्हणत होते पाळण्यात चावलं काहीतरी. त्या घराला तीनदा तपासणीला बोलावलं होतं, "आमच्यात नसते" म्हणून आले नव्हते.

वकील_नागपूर | रात्री ९:२५

उरलेलं. यादीचा विषय माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर आहे, कारण ती सार्वजनिक संस्थेनं लावली. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि इथे समोर सरकारी यंत्रणाच आहे, त्यामुळे तो थेट लागू होतो. तपासणीला दिलेली संमती ही भिंतीवर लावायची संमती नाही. बांधीवरचा, सरपंच आणि सचिवाला लेखी अर्ज द्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, पोच घ्या. भाषा साधी ठेवा. भांडण नको, यादी काढायची आहे.

नोकरी. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा बघा, त्यात नोकरीसाठी तपासणीची सक्ती करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते, भेदभावाला बंदी आहे. आपल्याला जनुकांसाठी नेमकं असंच काहीतरी हवं आणि तेच नाही. त्यामुळे कंपनीनं तो रकाना ठेवणं अयोग्य आहे असं मी म्हणेन, बेकायदा आहे असं म्हणता येत नाही. भावानं खोटं लिहू नये. पण तो रकाना बहिणीबद्दल आहे, तिची माहिती तिच्या परवानगीशिवाय लिहायचा भावालाही अधिकार नाही असं माझं मत. त्यानं एचआरला विचारावं, ही माहिती कशासाठी हवी आणि कोण बघणार. वाहक असणं हा आजार नाही, त्यामुळे 'आजार आहे काय' याचं उत्तर 'नाही' हेही खरंच आहे.

सोयरीक. इथे माझ्याकडे काही नाही. लग्नाला नकार द्यायचं कारण कोर्ट विचारत नाही.

तूरडाळ | रात्री ९:३१

वकीलसाहेब, लग्नानंतर कळलं तर? लपवलं म्हणून लग्न मोडता येतं का?

वकील_नागपूर | रात्री ९:५०

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली तर लग्न रद्द करायला एक वर्षात अर्ज करता येतो. वाहक असणं ही तशी महत्त्वाची गोष्ट आहे का यावर दोन्ही बाजूंनी तास तास बोलता येईल, वकिलांचं भलं होईल. त्यापेक्षा दोघांनी आधी तपासा, थोड्या पैशांची कटकट आहे, सरकारी दवाखान्यात तीही नाही.

बांधीवरचा | २० जुलै, रात्री १०:२०

मंडळी, पाऊस आठ दिवस लागून होता, लाईन नव्हती, मोबाईल बंद. आता सांगतो काय काय झालं.

अर्ज देल्ला. सचिव म्हणे "वरून यादी आली, आम्ही माहितीसाठी लावली, आमचा काय दोष." मी म्हणलं साहेब, तुमच्या घरच्या कोणाचं रक्त लावलं नाई ते माहितीसाठी? तो काई बोलला नाई. शिपायाले सांगून काढली. चिकटपट्टी ओढली तं चुन्याचा पोपडा संगं आला, भिंतीवर आता चार कोपऱ्यावर चार टकले हायेत, कागद नाई पण कागद कुठं होता ते लहान पोरगं बी सांगन. आन फोटो गावच्या ग्रुपवर कधीचा फिरून राह्यला. अॅडमिनले सांगून उडवाले लावला, पण कोणाकोणाच्या मोबाईलात हाय कोणाले माहीत.

भावाचं ऐका. तो तयारी करून गेलता, वकीलसाहेबाचं सगळं पाठ करून, का कशासाठी पाह्यजे, कोण पाहणार. तिथं गेल्यावर बाबूनं चाळीस पोरायचे फॉर्म एका गठ्ठ्यात घेतले आन त्या रकान्यात सगळ्यायच्या पुढं सोताच 'नाही' लिहत गेला. भावानं विचारलं तं म्हणे "तो रकाना कोणी वाचत नाई, पुढं सरक."

वऱ्हाडी_ठेचा | रात्री १०:२६

हाच आपला जीना कायदा. बाबूचा बॉलपेन.

वकील_नागपूर | रात्री १०:३३

हसू आलं पण लक्षात ठेवा, भावाच्या सहीच्या वर दुसऱ्यानं लिहिलंय. फॉर्मची झेरॉक्स मागून ठेवा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात आरोग्याची माहिती वेगळी 'संवेदनशील' म्हणून धरलेली नाही, बँकेचा नंबर आणि तुमचं जनुक एकाच मापात.

पिंपळपान | रात्री १०:४०

आणि बहीण?

बांधीवरचा | रात्री १०:५८

तेच लिहाले आलो होतो, मधातच बाबूचं निघालं.

मध्यस्थ परत आलता, म्हणे पाव्हणे तयार हायेत पण हुंड्यात काई 'समजून' घ्या, खोट हाय ना. माय तं तयारच झाली होती, म्हणे जाऊ दे, एक एकर गहाण टाकू. बाबा खाली पाहून बिडी वळत होते. तवा बहीण आतून चुलीजवळून बाहेर आली, हाताले पीठ तसंच. म्हणे "त्या पोराले तपासाले सांगा. एए असला तं माह्यात काय खोट हाय ते त्यानंच सांगावं. एएस असला तं मीच नाई म्हणतो." मध्यस्थ उठला आन गाडीले किक मारली.

पोरगा तपासाले आला नाई. सोयरीक गेली. माय दोन दिवस माह्याशी बोलली नाई, म्हणे तूच मोबाईलवर वाचून पोरीले शिकवलं. मी कायले शिकवतो, मलेच तिनं शिकवलं.

स्पष्टवक्ता | रात्री ११:१०

बहिणीला माझा नमस्कार सांगा. मी जे चार परिच्छेदांत म्हणायचा प्रयत्न करत होतो ते तिनं पीठ लागलेल्या हातानं सांगितलं.

आशा_ताई | २१ जुलै, सकाळी ६:०५

भाऊ, तुमच्या बहिणीला विचाराल का, आमच्याकडे किशोरींची बैठक असते, फोनवर पाच मिनिटं बोलेल का. नाव सांगणार नाही.

बांधीवरचा | सकाळी ६:४०

विचारलं ताई. म्हणते नाव सांगा, सगळ्या गावाले तं माहीतच हाय. पण रोवणा संपल्यावर.

नवी_सून | २३ जुलै, दुपारी ३:१५

उशिरा आले, माफ करा. माझं सासर भंडारा जिल्ह्यात. मी एएस, नवऱ्याची सोल्युबिलिटी की काय ती साधी तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली, सगळे म्हणाले चिंता नाही. पण नवऱ्याच्या मावशीच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. याचा काही संबंध येतो का?

मास्तर_निवृत्त | दुपारी ३:२२

येतो, पोरी. त्या साध्या तपासणीत फक्त सिकल दिसतो, थॅलेसेमियाचा वाहक दिसत नाही. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तर बाळाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात जाऊन नवऱ्याची एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी, तपासणी करून घ्या, बाळाचा विचार करायच्या आधी. दिवस राहिले असतील तर उद्याच जा.

नवी_सून | दुपारी ३:२९

तिसरा महिना आहे.

आशा_ताई | दुपारी ३:३१

ताई, तुमचा तालुका मला खाजगी निरोपात सांगा. उद्या सकाळच्या गाडीनं निघा, दोघंही, आणि तुमचं जुनं कार्ड सोबत घ्या. तिथं गेल्यावर कोणाला भेटायचं ते मी विचारून रात्री कळवते.